रिव्हॉल्व्हरला होकार

ह्यांनी ज्या दिवशी ते रिव्हॉल्व्हर पहिल्यांदा हातात घेऊन पाहिलं, त्या दिवशी दुपारी ते पोटभर जेवले. सुरमईचा तुकडा संपवून आणखी एक मागितला, सोलकढीची वाटी दोनदा पुढे केली आणि भात कालवता कालवता म्हणाले, की यंदा मोहोर बरा दिसतोय. सात-आठ महिन्यांत ते आपणहून एवढं बोलले नव्हते. दुसऱ्या एखाद्या बाईने देवापुढे साखर ठेवली असती. माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

हे म्हणजे माझा नवरा. नाव घेण्याची सवय कधी लागली नाही आणि आता बासष्टाव्या वर्षी ती लागणारही नाही. मोजणी खात्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली. भाऊ भाऊ कोयते घेऊन उभे राहायचे अशा बांधांवर हे टेबल मांडून बसायचे, नकाशा उलगडायचे आणि दगड कुठे रोवायचा ते सांगायचे. लोक ऐकायचे. लांजा, राजापूर, संगमेश्वर, कुठेही जा, 'साहेब' म्हणून ओळखणारं कोणी ना कोणी भेटतंच. निवृत्तीनंतर आम्ही रत्नागिरीबाहेर भाट्याची खाडी ओलांडून पावसच्या बाजूला कातळावर घर बांधलं. भोवती हापूसची पस्तीस कलमं. शेजारचं घर इतकं लांब, की हाक मारली तर ओ यायची नाही. मुलगी पुण्याला, तिचा संसार तिच्यामागे. घर बांधताना ह्या एकांताचं आम्हाला कोण कौतुक होतं.

पहिली दोन वर्षं बरी गेली. मग हे हळूहळू विझत गेले. कारण विचाराल तर मला सांगता येणार नाही, आणि त्यांनाही येत नसे. पेन्शन होती, तब्येत ठीक होती, कोणाशी वाद नव्हता. पण पेपर आला की घडीही न मोडता पडून राहायचा. दाढी आठ-आठ दिवस वाढायची. पडवीत खुर्ची टाकून फाटकाकडे तोंड करून बसायचे, आणि काय बघताय विचारलं तर म्हणायचे, काही नाही. मी मुळातली भांडखोर. मला तो आळस वाटायचा. मी त्यांना नारळ सोलायला लावायची, पंपाचं बटण दाबायला पाठवायची, चार माणसांत जा म्हणून टोचत राहायची. एकदा तर रागाच्या भरात मी म्हणाले, की माणसाने असं पोत्यासारखं बसून राहायचं असेल तर बागेला राखणदार तरी कशाला ठेवायचा. ते ऐकून घेऊन गप्प बसले. उलट बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

नवरात्रात आमच्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर एका म्हाताऱ्या जोडप्याला घरात बांधून घालून चोरी झाली. सगळा भाग हादरला. जो तो कुलपं बदलू लागला, कुत्रे पाळू लागला. मुलीने पुण्याहून माणूस पाठवून आमच्या घराला चार कॅमेरे लावून घेतले आणि तिकडे बसून मोबाइलवर आमचं अंगण बघू लागली. ह्याच गडबडीत एक निवृत्त फौजदार मध्ये आले. ह्यांचे जुने स्नेही. राहायला कुवारबावला, पण आठवड्यातून एकदा स्कूटरवरून आमच्याकडे चहाला यायचे. त्यांच्याकडे बत्तीस बोअरचं एक रिव्हॉल्व्हर होतं. खात्यात जप्त होऊन पडलेली हत्यारं कधीतरी निकालात निघतात, त्यातली काही नोकरीतल्या लोकांना मिळतात. तसं त्यांना ते वीस-बावीस वर्षांपूर्वी मिळालेलं. आता हात थरथरतो, परवान्याचं नूतनीकरण नको, मुलं परदेशात, त्यांना त्यात रस नाही. तेव्हा ते योग्य माणसाच्या हातात जावं अशी त्यांची इच्छा होती. योग्य माणूस म्हणजे आमचे हे.

मी आधी थट्टाच केली. ह्यांच्याच्याने पेरूवरची माकडं हाकलली जात नाहीत, चोरांवर कसली गोळी झाडतायत, असं म्हटलं. फौजदार हसले.

"वैनी, झाडायची नाय हो. असल्याचं नुसतं म्हायत झालं, तरी कोण फिरकत नाय इकडं."

दुसऱ्या दिवशी हे त्यांच्या घरी जाऊन ते बघून आले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलंय, वजनाला वाटतं त्याहून जड आहे, असं त्यांनी मला सांगितलं. आणि मग ते सुरमईचं जेवण.

माझ्या हातातला डाव का थांबला, ते सांगायचं तर माझ्या सासऱ्यांबद्दल सांगावं लागेल. माझं लग्न झालं तेव्हा ते हयात नव्हते. परसातल्या विहिरीवर पाय घसरून गेले, एवढंच मला सांगितलेलं. आमच्या घरात ते वाक्य सगळे एकाच सुरात म्हणतात. श्राद्धाच्या दिवशी म्हणतात, सोयरिकीच्या वेळी कोणी विचारलं तर म्हणतात. मलाही ते म्हणता येऊ लागलं. लग्नाला दहा-बारा वर्षं झाल्यावर, एका मे महिन्यात आम्ही दोघी जावा फणस कापत बसलो होतो. हाताला तेल, पुढ्यात चीक, उठायची सोय नाही. तेव्हा थोरली जाऊ खाली मान घालून म्हणाली, विहिरीला कमरेएवढा कठडा आहे गो, पाय कसा घसरेल. मग तिने सांगितलं, की मामंजी त्याआधी वर्षभर कोणाशी बोलत नव्हते. आणि त्या सकाळी विहिरीवर सगळ्यांत आधी पोचले होते ते आमचे हे. तेव्हा कॉलेजात होते. ह्यांनी मला हे कधी सांगितलं नाही, आणि मला माहीत आहे हे मीही त्यांना कळू दिलं नाही.

म्हणजे पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं, की त्या रिव्हॉल्व्हरचा चोरांशी काही संबंध नाही. हे मी आज सरळ लिहिते आहे. तेव्हा मनातल्या मनातसुद्धा पूर्ण वाक्य केलं नव्हतं. अर्धं झालं, की मी उठून काहीतरी घासायला घ्यायची.

कागदपत्रांना सुरुवात झाली. ह्यांनी एक निळी प्लास्टिकची फाइल आणली आणि मोजणीच्या प्रकरणासारखी लावली. वर अर्ज, मग ओळखीचे पुरावे, घराचा उतारा, त्या चोरीच्या बातमीचं कात्रण, एकेका कागदाला पेन्सिलीने क्रमांक. प्रत्येक कागद आणला, की तो जेवणाच्या टेबलावर दोन-तीन दिवस उघडा ठेवायचे. मी त्यावर आमटीचं भांडं ठेवणार नाही एवढी काळजी घ्यायची. विरोध केला तोही आडून आडून. घरात नातवंडं येतात, म्हटलं. ते म्हणाले, कपाटाला कुलूप लावू. देखभालीची कटकट, म्हटलं. ते म्हणाले, फौजदार शिकवतील. मग मी मुलीला फोन केला. वाटलं, ती तरी ओरडेल. ती मीटिंगमधून बाहेर येऊन दोन मिनिटं बोलली. आई, बाबांनी कशात तरी लक्ष घातलंय हेच केवढं आहे, म्हणाली, सेफ्टीसाठी चांगलंच आहे, तू उगाच फाटे फोडू नकोस. तिचा काय दोष? तिला आजोबा पाय घसरून गेले, एवढंच माहीत.

डॉक्टरांचा दाखला लागत होता, शरीराने आणि मनाने धडधाकट असल्याचा. आमचे डॉक्टर वीस वर्षांच्या ओळखीचे. हे म्हणाले, तूही चल. गेलो. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, डोळे पाहिले, छातीला नळी लावली. मग दाखल्याचा कागद पुढे ओढून त्यांनी आमच्याकडे आंब्याची पहिली पेटी कधी निघणार ते विचारलं. मनाच्या रकान्यापाशी त्यांचं पेन आलं तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकले. झोप कशी लागते, एवढं जरी त्यांनी विचारलं असतं, तरी मी बोलले असते, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आले. ते म्हणाले, साहेबांना काय विचारायचं, अख्ख्या जिल्ह्याची भांडणं ह्यांनी शांत डोक्याने सोडवली. आणि सही केली. हे हसले. मीही हसले. फेब्रुवारीत पेटी पोचवते, मी म्हणाले.

आता राहिला देव. ही युक्ती माझी होती. आमच्याकडे घराचं जोतं घालायचं असो, विहीर खणायची असो की मुलीचं लग्न, ग्रामदेवतेला कौल लावल्याशिवाय पुढे जात नाहीत. गुरव देवाच्या पाषाणावर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. माझी त्यावर श्रद्धा आहे का, ते मला नक्की सांगता येत नाही. पण ह्यांची आहे. डावा कौल आला तर हे एक अक्षर न बोलता फाइल बंद करतील याची मला खात्री होती. घरात हत्यार आणायचं तर देवाला विचारायला हवं, असं मी म्हटलं, आणि हे ताबडतोब तयार झाले. इतक्या लवकर, की मला नवल वाटलं.

लांज्याला, ह्यांच्या मूळ गावी जाताना एसटीत मी वाक्य जुळवत होते. देवाला काय विचारायचं, ते माझ्या मनात अगदी पक्कं होतं. ह्या माणसाला स्वतःच्या जिवाचं काही करायचं आहे, हे हत्यार ह्याच्या हाती येऊ द्यायचं का? असं विचारलं तर कुठला देव उजवा देईल?

पण गाऱ्हाणं मनात घालायचं नसतं. ते मोठ्याने घालतात. हे मला जन्मापासून माहीत होतं आणि तरी एसटीत ते माझ्या ध्यानात आलं नाही. देवळात दीर होते, जाऊ होती, वाडीतले दोन मानकरी आलेले, पुतण्याची नवी सून पदर सावरत उभी. आणि माझ्या शेजारी, हात जोडून, स्वतः हे. गुरवाने पाकळ्या लावल्या, हात पुसले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काय सांगायचा देवाला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. जावेने माझ्याकडे पाहिलं आणि चटकन मान वळवली. मी म्हणाले, बागेत घर एकटं आहे, चोऱ्या होतात, घराच्या राखणीसाठी हत्यार घ्यायचं मनात आहे.

गुरवाने खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुजी लेकरा तिकडं एकटी रवतत, चोराचिलटाचा भय हाय, राकनीसाठी हत्यार घरात येतासा हाय, ता सुकाचा आसंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे म्हाराजा." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मीही म्हटलं. पुरतं म्हणून होईपर्यंत उजवी पाकळी सुटून खाली आली. डावी हललीसुद्धा नाही. मानकरी खूश झाले, एवढा लख्ख कौल हल्ली पडत नाही म्हणाले. मी देवावर चिडले. पण देवाला दोष कसा द्यायचा? जे विचारलं त्याचं त्याने उत्तर दिलं होतं. ह्यांच्याकडे पाहिलं. चेहरा उतरला होता. एसटीचा त्रास झाला असेल, असं मी धरून चालले.

चौकशीला पोलीस आला तो मेच्या शेवटी, सकाळी दहाच्या सुमाराला. हे रत्नागिरीला बँकेत गेले होते. पोलीस तिशीतला, इकडचाच. बसता बसता त्याने सांगितलं, की त्याच्या वडिलांच्या जमिनीचा तंटा साहेबांनी मिटवला, नाहीतर आमच्या घरात खून पडला असता. शेजारच्यांचे जबाब त्याने आधीच आणले होते. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं होतं, की सज्जन, निर्व्यसनी, कधी आवाज चढवला नाही. मी कोकम सरबत दिलं. त्याने माझा जबाब लिहायला घेतला. मी काही बोलायच्या आधीच तो लिहीत सुटला, माझे पती मनमिळाऊ व शांत स्वभावाचे असून, आणि मोठ्याने वाचून दाखवू लागला.

"थांबा," मी म्हणाले. "असं लिहू नका. ह्यांची जगायची इच्छा राहिलेली नाही, असं लिहा."

आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य माझ्या तोंडून पुरं झालं. बाहेर दिवसा येणारा राखणदार पाचोळा ओढत होता, त्याचा खराट्याचा आवाज येत होता. पोलिसाने पेन खाली ठेवलं. तो चांगला मुलगा होता, हे मला सांगावंसं वाटतं. त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"काकू, ह्या कागदावर नको. एकदा लिवला का पुसता येत नाय. साहेबांचा नाव केवडा हाय. उद्या कचेरीत चार जनांनी वाचला, तर साहेब त्वांड कुटं दाखवतील?"

मग मला धीर द्यायला तो म्हणाला, की त्याचे वडीलही हल्ली असंच काहीबाही बोलतात, वय झालं की वाटतं तसं माणसाला, मनावर घेऊ नका. लिहिलेलं तसंच ठेवून त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. साहेब तोंड कुठे दाखवतील हे त्याचं बोलणं माझ्या कानात वाजत होतं. माझ्या डोळ्यांपुढे श्राद्धाला जमलेली भावकी आली, मुलीच्या सासरची माणसं आली, बाजारात थांबून नमस्कार करणारे लोक आले. मनमिळाऊ व शांत स्वभावाचे, ह्या शब्दांखाली मी माझी सही केली. अक्षरही नेहमीसारखं आलं. तो गेल्यावर मी त्याचा पेला तीनदा घासला.

हे दुपारी आले. चौकशीवाला येऊन गेला, तुम्ही ज्यांचा तंटा मिटवलात त्यांचा मुलगा, एवढंच मी सांगितलं. काय विचारलं त्याने, म्हणाले. काही नाही, नेहमीचंच, म्हटलं. तू काय सांगितलंस, म्हणाले. चांगलंच सांगितलं, म्हटलं. ते माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले आणि मग हात धुवायला गेले.

परवाना श्रावणात आला. फौजदारांचा फोन आला, की गुरुवारी दोघांनी कचेरीत जाऊन हस्तांतराच्या सह्या करू, हत्यार मी बरोबरच घेऊन येतो. सोमवार होता तो. त्या दिवशी हे पुन्हा बडबडे झाले. लाइट बिल मोबाइलवर कसं भरायचं ते मला शिकवलं. घराचे कागद कुठल्या कप्प्यात आहेत ते दाखवलं. आपला जुना पितळी होकायंत्राचा डबा पुसून काढला आणि म्हणाले, पोलिसात आहे ना तो मुलगा, त्याच्या वडिलांना देऊन टाकू, त्यांना तेव्हा फार आवडला होता. मी हो हो करत होते. बुधवारी सकाळपर्यंत मी हो हो केलं. मला स्वतःची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

बुधवारी चहा झाल्यावर हे टेबलावर फाइल घेऊन बसले. परवाना सगळ्यात वर लावला, त्यालाही पेन्सिलीने क्रमांक घातला. मी समोरची खुर्ची ओढून बसले. हात ओले होते ते तसेच मांडीवर ठेवले.

"अहो, तुम्हाला मरायचंय का?"

त्यांनी मान वर केली नाही. पेन्सिल टेबलाच्या कडेला लावून सरळ ठेवली.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"ते बघून आलात, त्या दिवसापासून."

त्यावर ते चिडतील, उठून जातील, नाही म्हणतील, ह्या सगळ्याची मी तयारी केली होती. ते रडतील असं मला वाटलं नव्हतं. चाळीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, त्यांची आई गेली तेव्हासुद्धा नाही. तोंड उघडं ठेवून, आवाज न करता रडले. मग बोलले. हळू बोलले, मोजणीचा निकाल वाचून दाखवायचे तसं, एकेक बाब सावकाश.

"मी काही लपवलं नाही गं. एकेक कागद तुझ्यासमोर टेबलावर ठेवला. डॉक्टरांकडे तुला घेऊन गेलो. देवळात आलो. मला वाटायचं, कुठेतरी कोणीतरी अडवेल. कोणीतरी विचारेल, की साहेब, तुम्हाला कशाला हवंय हे? एवढी माणसं आहेत, कोणी ना कोणी नको म्हणेलच. कोणी म्हटलं नाही. देवानेही नाही. मग त्या दिवशी तू चांगलंच सांगितलंस."

मला त्या क्षणी धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. मी त्यांच्या अब्रूला जपत होते, ते माझी वाट बघत होते. इतके महिने आम्ही दोघं एकाच टेबलावर, एकाच फाइलच्या दोन बाजूंना बसून जेवत होतो. मी विहिरीचं बोलले. कठड्याचं बोलले. तेही मला माहीत आहे, हे ऐकून त्यांनी डोळे पुसले. म्हणाले, की त्या सकाळी त्यांच्या वडिलांनी त्यांना हाक मारली होती. हे अभ्यासाला बसले होते. आलो, म्हणाले, आणि पान संपवून मग उठले. एवढं सांगून त्यांनी फाइल मिटली.

फौजदारांना मीच फोन केला. आधी म्हणणार होते, विचार बदलला. मग जे आहे ते सांगितलं. मग ते म्हणाले, "वैनी, मी तीस वर्सं मानसांचे जबाब घेतलेत, आनि मला समोरचा कळला नाय." त्यांनी ते रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा करून टाकलं. चहाला अजून येतात, पण पूर्वीसारखं बोलत नाहीत. मुलगी आली, आमच्या दोघांवर ओरडली, रडली आणि आम्हाला कोल्हापूरला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू आहेत. वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणतात. किती, ते सांगत नाहीत. भावकीत कळायचं ते कळलंच. काही जण फोन करून तब्येतीला जपा म्हणतात आणि घाईघाईने आंब्याचं विचारतात.

सगळं ठीक झालं असं मला लिहिता आलं असतं तर मी आनंदाने लिहिलं असतं. हे अजून त्याच खुर्चीत बसतात. पेपर अजून घडीतच असतो. बोलल्याने दुःख हलकं होतं असं लोक म्हणतात. आमचं झालेलं नाही. ते फक्त दोघांचं झालं आहे, आणि पूर्वी मला झोप लागायची ती आता लागत नाही. पण आडून बोलणं आम्ही बंद केलं. रोज सकाळी चहाचा कप पुढे ठेवला, की मी त्यांना सरळ विचारते, आज मरावंसं वाटतंय का? डॉक्टरांनीच सांगितलं, विचारायला घाबरू नका. कधी नाही म्हणतात. पुष्कळदा हो म्हणतात. हो म्हणाले, की त्या दिवशी मी बाजारात जात नाही, त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसते, आणि आम्ही दोघं फाटकाकडे बघतो.

आजही विचारलं. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "आणि तुला?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी हसून उडवून लावणार होते, तोंडावर शब्दही आले होते, काहीतरीच काय. ते वाट बघत होते. मग मी कप खाली ठेवला आणि खरं होतं ते सांगितलं.